मुदतवाढ येईल, असं मी सुकदेवला म्हणालो

पत्र्याच्या पेटीवर बोटांनी धरलेला ठेका.
पन्नास वर्षांहून जास्त झाली, अजून कानात आहे.

चौथीच्या वर्गात गुरुजी कविता म्हणायला लावायचे आणि सुकदेव आपल्या दप्तराच्या पेटीवर ठेका धरायचा. त्या ठेक्यावर अख्खा वर्ग डोलायचा.

तो सुकदेव भिंतीखाली गेला.
आज पितरपाट्यातली, म्हणजे पितृपक्षातली पंचमी. त्याची तिथी.

दरवर्षी या दिवशी मी त्याचा फोटो टाकतो आणि खाली दोन ओळी लिहितो. तुम्ही सगळे हात जोडता. यंदा जे लिहायचं आहे, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

घरावरची एक कविता होती आम्हाला. अंगण, तुळस, तिन्हीसांजेचा दिवा, असलं सगळं. मला ती फार आवडायची.
सुकदेव म्हणायचा, "आमना घरमा तुळस ठेवाले बी जागा नही."
आणि हसायचा.

त्याचं गाव एरंडोलच्या पुढे, आतल्या रस्त्याला. घर धाब्याचं. मातीच्या भिंती, वर मातीचंच छप्पर. मी पंचायत समितीत नोकरीला लागलो, तो मजुरी करत राहिला. भेटला की विचारायचा, "काय कवी, कागद लिहितस का कविता?"

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याचं नाव घरकुलाच्या यादीत आलं.
टेबल माझंच होतं. मंजुरीचा कागद मी स्वतः नेऊन दिला. वहिनींनी गूळ हातावर ठेवला.

नियम सोपा होता. पाया खणायचा. आमचा इंजिनिअर जागेवर जाऊन मोबाइलमध्ये फोटो काढणार, मालक शेजारी उभा हवा. तो फोटो ठरलेल्या तारखेच्या आत कॉम्प्युटरवर चढला पाहिजे. नाहीतर घरकुल रद्द, आणि ते दुसऱ्या गावाला.

पाऊस लांबला. शेवटची तारीख पितरपाट्यात आली.

आपल्याकडे त्या पंधरवड्यात कुणी घराला कुदळ लावत नाही. त्यात सुकदेवच्या आईचं ते पहिलंच पितर होतं.

तारखेच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला.
"कवी, खरं सांग. तारीख पक्की व्हई ते मी मायनी माफी मांगीसन आजच कुदळ मारस."

हे वाक्य नीट वाचा. तो तयार होता.

मी खुर्चीत रेलून चहा पीत होतो. समोर पत्र होतं, त्यावर 'अंतिम मुदत' लिहिलेलं. पण आमच्या ऑफिसात 'अंतिम' या शब्दाला कुणी भीत नसे. दरवर्षी अंतिम लिहून यायचं आणि आदल्या दिवशी मुदतवाढीचं पत्र यायचं. माझ्या अख्ख्या नोकरीत असंच चाललेलं.

मी म्हणालो, "कशाला आईचं मन मोडतोस? मुदतवाढ येते. घट बसले की खण."

"पक्कं ना?"
"अरे, पक्कं."

त्या वर्षी पत्र आलं नाही.

तारीख संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीन उघडला, तर सुकदेवच्या नावापुढे 'रद्द'. मी साहेबांकडे गेलो, जळगावला वरच्या ऑफिसात गेलो, धुळ्याला बदलून गेलेल्या जुन्या साहेबांनाही फोन केला.
ते म्हणाले, "आता माणसाच्या हातात काही नाही हो. ते सगळं कॉम्प्युटर बंद करतो."

घटस्थापनेच्या दिवशी सकाळीच सुकदेवचा फोन.
"मी पाया खंदी टाका, कवी. फोटोवालाले धाड."

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. मी स्वतः गेलो.

जुन्या भिंतीला लागून कमरेएवढा चर. चुन्याच्या सरळ रेघा. कोपऱ्यात हळदकुंकू लावलेला नारळ. सुकदेव धुतलेला सदरा घालून चराशेजारी उभा होता. फोटोसाठी.

मी म्हणालो, "जळगावपर्यंत जाऊन आलो. वरून रद्द झालं."
एवढंच म्हणालो. वरून.

तो मलाच म्हणाला, "तू काय करशी? तू ते धडपड करी."

चर त्याने बुजवला नाही. नाव परत येईल, मग पुन्हा कशाला खणा, म्हणे. मीही 'बुजव' म्हणालो नाही. तेवढ्याने त्याची आशा मोडेल असं वाटलं. माझा हा स्वभाव, सगळ्यांना बरं वाटेल ते बोलायचं.

पुढच्या श्रावणात झड लागली. तीन दिवस चरात पाणी साचून होतं. ते भिंतीच्या बुडाशी मुरलं.
वहिनी गिरणीवर गेल्या होत्या. भरदुपारी भिंत आणि धाबं एकदम खाली आलं. तो आत झोपला होता.

मी तोवर रिटायर झालो होतो. मातीला गेलो. त्याच्या मुलाने, दिनेशने, माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं.
मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प बसलो.

सहा वर्षं झाली, गप्पच आहे.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं.

दिनेश. गावाहून मोटारसायकलने थेट पिंप्राळ्यात, माझ्या दारात. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"काका, आज आबांचं पितर आहे. दरवर्षी गावातले नाना पाटावर बसायचे, ते यंदा सुरतला गेले पोराकडे. आई म्हणे, यांचा शाळेतला सोबती आहे ना, त्यालाच बोलाव. तुम्ही धडपड केली होती म्हणे, आबा सांगायचे. चला, पितर म्हणून तुम्ही जेवायला बसा."

तो पुढच्या खोलीत पाणी पितोय. मी आत हे टाइप करतोय.

पोस्ट टाकण्याआधी त्याला हे सगळं वाचून दाखवतो.
त्यानंतरही तो 'चला' म्हणाला, तर तुझ्या पाटावर येऊन बसतो, सुकदेव.

नाही म्हणाला, तर हा नमस्कार इथूनच.