धोंडुबाईनं हात कापू दिला न्हाय

लिव्ह क्रांते, मी, तुजी आज्जी, सांगतोय तसंच लिव्ह. माझी धाकटी जाऊ धोंडुबाई, उचगावात ऱ्हाती. दारात तीन म्हशी, आन तिन्हींच्या धारा हिच्याच हातानं. दुसऱ्या कुणी आचळाला हात लावला की लाथच.

तिच्या उजव्या हातावर, पालथ्या बाजूला, मनगटापाशी एक टेंगूळ. लई वर्सांचं. औंदा दुखाय लागलं म्हणून दवाखान्यात दावलं. मोठ्या डाक्टरानं नुसतं दाबलं आन म्हणाला, "गाठ हाय. सोनोग्राफी करून सोमवारी या, काढून टाकू."

तिचा नवरा, माजा दीर बाळासो, लगीच तयार. "शिकल्याला माणूस हाय त्यो. तुला काय कळतंय?"

"हात माजा हाय! न्हाय चालला तर धारा तुमी काढणार व्हय? तुमास्नी शेळी बी जवळ यिऊ देत न्हाय!"

सोनोग्राफीला मी बी संगं गेलतो. निशिगंधा म्हणून डाक्टरीण, पोरसवदाच. हातावर गार चिकाट लावलं आन म्हणाली, "मावशी, हात अजिबात हलवू नका."

"हलीवल्याबिगर कसं कळंल बाई? धार काढताना मूठ सोडली की त्ये फुगतंय. गाठ अशी फुगती-बसती व्हय?"

"मावशी, मशीन मला कळतं का तुम्हाला?"

"मशीन तुजं, हात माजा!" आन लागली की पंजा उघडझाप कराय, म्हस पुढ्यात हुबी असल्यागत!

डाक्टरीण चिडली, पर पडद्याकडं बगून तिनं मशीन तितंच धरलं. बोटं ताठ केली की त्ये जाड व्हायचं, ढिली सोडली की पातळ. "परत करा," म्हणाली. मग डावा हात बगितला. तितं बी तसलंच, जरा बारकं.

"मावशी, गाठ नाही ही. स्नायू आहे. थोड्या लोकांना इथं एक जास्तीचा असतो, जन्मापासून. कापायची गरज नाही. कामानं दुखतोय, तेवढ्या धारा कमी करा."

"त्येवढं सोडून सांग," म्हणाली धोंडी.

सोमवारी ती बाळासोला घिऊन गेली बरं का, नेमल्या येळंला. सोनोग्राफीचा कागद टेबलावर आपटला. मोठ्या डाक्टरानं वाचला, बोटं ताठ कराय लावून हात परत दाबला आन म्हणाला, "बरं झालं, आधी कळलं."

ही म्हंती, "मला इचारलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं की!"

बाळासो मान खाली घालून बाहीर. सांच्याला ही धारांना बसली, तर ह्यो बादली घिऊन मागं हुबा. ही म्हणाली, "हुबं काय ऱ्हाताय? पेंड भिजवा."