दोघींचं कांडण

लग्न होऊन मी पवनीहून लाखनीला आले, तेव्हा बैठकीत रेडिओशेजारी यांनी स्वतः जोडलेला अॅम्प्लिफायर होता. हे शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीचा सगळा दिवस सोल्डरिंगच्या धुरात काढायचे.

आवाज मोठा असला की तो डबा छान वाजायचा. हळू केला की गाणारीचा सूर खरखरायचा. सासूबाई एकदा म्हणाल्या, "या बाईचा आवाज असा काहून फाटून राहिला?"

"हा बी क्लास आहे आई," हे म्हणाले. "समज, दोघीजणी एका उखळात धान कांडून राहिल्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. पण एकीनं सोडल्यावर दुसरीनं उशीर केला, तर ताल तुटते. यातले दोन ट्रान्झिस्टर तसेच अर्धा-अर्धा सूर उचलतात. मोठ्या आवाजात ते तुटणं झाकून जाते, हळू आवाजात ऐकू येते."

मग यांनी ए क्लास जोडला. त्यात एकच ट्रान्झिस्टर सगळा सूर सांभाळायचा, मध्ये खंड नाही. आवाज काय गोड आला! पण गाणं असो नसो, त्यातून वीज सारखी वाहायची आणि डबा तव्यासारखा तापायचा. थंडीचे दिवस होते. सासूबाईंनी विरजणाचं भांडं गुपचूप त्याच्या बाजूला नेऊन ठेवलं. दही सुरेख लागलं. हे मात्र कपाळाला हात लावून बसले. "हा कांडते कमी अन् तापते जास्त," म्हणाले.

मी तांदूळ निवडत होते. सहज म्हटलं, "दोघीच ठेवा ना. पहिलीनं सोडायच्या आधीच दुसरीनं मुसळाला हात लावायचा."

हे हसले. "त्यालेच एबी क्लास म्हणतात. मी उगाच भलतीकडे गेलो."

पुढच्या रविवारी यांनी जुना डबा उघडला. दोन्ही ट्रान्झिस्टरांतून थोडी वीज कायम वाहत राहावी म्हणून एक बारीक स्क्रू पेचकसानं जरासा फिरवायचा, पत्र्याला बोट लावून बघायचं, पुन्हा फिरवायचा, असं चाललं होतं. डबा कोमट झाला तिथं थांबले. संध्याकाळी अगदी हळू आवाजात गाणं लावलं. दोन ओळींच्या मध्ये गाणारीनं घेतलेला श्वासही ऐकू आला.

सासूबाईंनी दह्याचं भांडं उचलून चुलीजवळ नेलं. "आता हा काही कामाचा नाही," असं पुटपुटल्या, पण परत येऊन ऐकत बसल्या.

एरवी गाण्याच्या मध्येच पेचकस घेऊन उठणारे हे, त्या दिवशी भिंतीला टेकून बसून राहिले. मी भात उतरवून आले आणि त्यांच्याशेजारी बसले.