आखणीवाली प्रतिक्षा आणि भुरी

पेणच्या बाहेर, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याला प्रतिक्षाचं घर आहे. पुढच्या भागात गणपतीचा कारखाना आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. नवरा रितेश डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जातो, त्यामुळे कारखाना खरं तर दोघीच चालवतात, प्रतिक्षा आणि तिची सासू चंद्रावती. सासूबाई माती मळतात, साच्यातून मूर्ती काढतात, घासून गुळगुळीत करतात. प्रतिक्षाकडे डोळ्यांची आखणी. तिचा हात इतका स्थिर, की शेजारच्या कारखान्यांतूनही तिला बोलावणं येतं.

दोन पावसाळ्यांपूर्वी एक कुत्री भिजत येऊन या कारखान्याच्या दारात बसली. रंग तपकिरी, पण अंगावर मातीची पूड बसून ती कायम भुरकट दिसायची. प्रतिक्षानं तिला भुरी म्हणायला सुरुवात केली. चंद्रावतींना ते पसंत नव्हतं. त्यांचं बालपण मिठागरावर गेलेलं. तिथली कुत्री बांधावर राहत, राखण करत, घरात कधी येत नसत.

"कुत्रा दारात बरा गो," त्या म्हणायच्या. "घरात आणला तर डोक्यावर बसतो."

पण पाऊस थांबेना आणि भुरी हलेना. शेवटी तिला कारखान्याच्या कोपऱ्यात गोणपाट मिळालं. पेणच्या डॉक्टर इशिता यांच्याकडे नेऊन रितेशनं तिला रेबीजची लस टोचून आणली. कुत्री पाळण्याचं सगळं झालं, असं दोघांनाही वाटलं.

पुढच्या मोसमात, ऐन घाईच्या दिवसांत, सोनेरी रंग पातळ करायचं टर्पेंटाइन एका उघड्या डब्यात जमिनीवर ठेवलं होतं. भुरी माशीमागे धावली आणि डबा लवंडला. प्रतिक्षानं जमीन पुसून घेतली, पण भुरीच्या पायांकडे तिचं लक्ष गेलं नाही. थोड्या वेळानं पाहते तर भुरी पाय चाटत बसलेली, तोंडातून लाळ गळतेय, मान खाली.

"मिठाचं पाणी पाज तिला. ओकून टाकेल सगळं," चंद्रावती म्हणाल्या आणि पाणी घ्यायला उठल्याही.

प्रतिक्षानं तोवर डॉक्टरांना फोन लावला होता. "ओकवू नका," पलीकडून डॉक्टर म्हणाल्या. "हे वर येताना फुप्फुसात गेलं तर जास्त वाईट. भांडी घासायच्या साबणानं पाय धुवा, पुसा, चाटू देऊ नका. आणि तो डबा घेऊन लगेच या."

चंद्रावतींनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि साबण आणला. दोघींनी मिळून भुरीचे पाय धुतले. भुरी दवाखान्यात दोन दिवस राहिली. सलाइन लागलं, खोकला आला, मग थांबला. प्रतिक्षा त्या दिवसांत आखणीला बसली तरी तिचा हात चालेना. एका मूर्तीचा डोळा तिनं तीनदा पुसून काढला.

भुरीला घरी नेताना तिनं डॉक्टरांना विचारलं, "हिच्यासाठी काय काय घेऊ?"

डॉक्टर हसल्या. "आधी घरी जा आणि तिच्या उंचीवर बसून बघा. तिच्या तोंडाला काय काय लागतं ते. मग दुकानात जा."

प्रतिक्षा खरंच कारखान्यात जमिनीवर बसली. रंगाचे उघडे डबे, लोंबणारी वायर, खिळ्यांची वाटी, फिनेलची बाटली, सगळं हाताला लागेल असं. सगळ्या रंगांना तिनं घट्ट झाकणाचे डबे आणले. फिनेल वरच्या फळीवर गेलं. रंगकामाच्या खोलीच्या दाराला रितेशनं प्लायवूडची गुडघ्याच्या वर येणारी फळी बसवली. माणसाला ओलांडता येते, भुरीला नाही.

मग दुकान. पेणच्या बाजारातल्या दुकानदारानं आधी कुत्र्यांचे बूट काढून दाखवले, मग स्वेटर.

"आपल्याकडं स्वेटर?" रितेश म्हणाला. "मला स्वतःला नाय लागत."

प्रतिक्षाला स्टीलचं चकचकीत भांडं आवडलं होतं, पण ते हलकं. भुरी पाय मारून उलटं करणार हे तिला दिसत होतं. तिनं बुडाला रबर असलेलं जड भांडं निवडलं. पट्ट्यांत साखळीचा होता, चामड्याचा होता. खाडीच्या हवेत साखळी गंजते आणि पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते, म्हणून तिनं साधा नायलॉनचा रुंद पट्टा घेतला, गळ्यात बांधल्यावर दोन बोटं आत जातील असा. त्यावर पत्र्याचा सपाट बिल्ला ठोकून घेतला, भुरीचं नाव, पेण आणि फोन नंबर लिहिलेला. गोचिडांचं औषध मात्र दुकानातून घेतलं नाही. शेजारी म्हशींवर मारायचं औषध देत होता, तेही नको म्हणाली. भुरीला वजन करायला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलं तेच मानेवर सोडलं.

"पोरीचं बारसं केलंस की काय?" चंद्रावती म्हणाल्या. पण संध्याकाळी भुरीच्या कानामागे गोचीड शोधायला त्याच बसल्या.

गणपती आठवड्यावर आले. रोह्याच्या सरोजिनीबाई दरवर्षी आपल्या ओसरीवर मूर्तींचं दुकान लावतात. त्यांचा माल घेऊन मिथुनचा टेम्पो दुपारी निघाला. संध्याकाळी प्रतिक्षानं भांडं भरलं, हाक मारली, तर भुरी नाही. रितेश मोटारसायकलवर खाडीपर्यंत जाऊन आला. चंद्रावती रस्त्यावर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या. मिथुन परत आला तेव्हा त्यालाही विचारलं. त्यानं काही पाहिलं नव्हतं.

दिवेलागणीला फोन वाजला.

"मी सरोजिनी बोलतेय, रोह्याहून. तुमच्या मूर्तींबरोबर आणखी काही पाठवलंत का हो?"

भुरी मूर्तींमधल्या पेंढ्यात शिरून झोपली होती. रोह्यात माल उतरवताना उडी मारून पळाली, कुणाला दिसली नाही. कुंडलिका नदीच्या पुलाजवळ ओली होऊन बसलेली सरोजिनीबाईंना सापडली. त्यांनी पट्ट्यावरचा बिल्ला वाचला, नंबर पाहिला आणि तो आपल्याच कारखानदाराचा निघाला.

"व्हय व्हय, आमचीच," प्रतिक्षा म्हणाली.

सकाळी मिथुनची दुसरी फेरी होती. रितेश पहिल्या शिफ्टला, प्रतिक्षाच्या पुढ्यात अजून मूर्ती बिनडोळ्यांच्या. चंद्रावतींनी पदर खोचला. "मी जाते. तू आखणी कर."

रोह्यात भुरी ओसरीच्या खांबाशी बसली होती. रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं, असं सरोजिनीबाई सांगत होत्या. चंद्रावतींनी पिशवीतून भाकरी काढली, कुसकरली आणि हातावर धरली. भुरीनं आधी हात हुंगला, मग ती खाऊ लागली. चंद्रावती दुसऱ्या हातानं तिची मान खाजवत राहिल्या.

मिथुन म्हणाला, "मागं बसवू तिला?"

"मागं नाय. माझ्या पायाशी." नागोठण्याच्या खड्ड्यांवर त्यांनी त्याला टेम्पो सावकाश न्यायला लावला. घरी उतरल्यावर पहिलं म्हणाल्या, "पाणी ठेव गो तिला. मग माझा च्या."

त्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी आळीत दुपारपासूनच फटाके लागले. पहिल्या माळेलाच भुरी कपाटामागे जाऊन थरथरायला लागली. चंद्रावती लग्न होऊन आल्यापासून कधी विसर्जनाला चुकल्या नव्हत्या.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. त्यांनी मागच्या खोलीच्या खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला, टीव्हीवर भजन लावलं आणि कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसल्या.

प्रतिक्षा खाडीवरून लवकर परतली, ओल्या पायांनीच. टीव्ही चालू होता. सासूबाईंनी पाय लांब केले होते आणि भुरी त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकून डोळे मिटून पडली होती. प्रतिक्षानं पदरातला प्रसाद काढला.

"हळू गो," चंद्रावती कुजबुजल्या. "आत्ता लागलाय डोळा."