शिवकन्येकडून घेतलेली माफी

शिवकन्या आमच्या वरच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक पेटी, एक शेगडी आणि काचेच्या चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र, एवढंच सामान होतं. खोलीत एकच खिळा होता. त्यावर तिनं प्रमाणपत्र लावलं.

मी म्हटलं, "अगं, तिथं देवाचा फोटो लावतात."

"देवाला दुसरा खिळा ठोकते की, काकू. हे फुटलं तर परत परीक्षा द्यावी लागंल."

मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

टेंभुर्णीकडच्या धनगराची ही पोर. वडील अजून मेंढरं राखतात. संभाजीनगरला शिकून ती इंजिनिअर झाली, कुठेकुठे नोकऱ्या केल्या आणि मग सरकारची ऊर्जा व्यवस्थापकाची परीक्षा पास झाली. माझे दीर जिनेंद्र यांची जालन्यात लोखंडी सळ्यांची मिल आहे. अशा मोठ्या कारखान्याला कायद्यानं परीक्षा पास झालेला ऊर्जा व्यवस्थापक ठेवावाच लागतो. त्यांना माणूस हवा होता, हिला नोकरी. शब्द मी टाकला.

संध्याकाळी ती खाली यायची, माझ्यासोबत डाळ निवडायची आणि मिलमधलं सांगायची. वीज किती, कोळसा किती, त्यात सळ्या किती निघाल्या, याचा टनामागे हिशोब लागतो. दरवर्षी जून संपायच्या आत त्याचा अहवाल सरकारला द्यायचा. बाहेरचा मान्यता असलेला माणूस येऊन ऊर्जेची तपासणी करतो, कुठे वाया जातेय ते लिहून देतो. ते सुधारायचं. टनामागचा खर्च कमी करायचं लक्ष्य सरकारनं ठरवून दिलेलं असतं, ते गाठायचं. मला आधी वाटायचं, कारखान्यात मालक म्हणेल तो कायदा. तसं नसतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

एकदा म्हणाली, "बापाला सांगितलं, मी कारखान्यात ऊर्जा सांभाळते. तर म्हणतो, म्हंजे राखणच की, मेंढरांसारखी. मी म्हटलं बराबर, फक्त हे मेंढरू दिसत न्हाई. निसटलं की डायरेक्ट बिल येतं."

मेच्या अखेरीची गोष्ट. जिनेंद्र दुपारी आमच्याकडे जेवायला होते. शिवकन्येला सुट्टी होती, ती मला पोळ्या लाटून देत होती. जेवता जेवता जिनेंद्र तिला म्हणाले, "शिवकन्या, ते अहवालातलं टनामागचं थोडं खाली घे. लक्ष्याच्या आत बसेल एवढंच. सगळेच करतात."

"शेठ, खाली घ्यायचंय तर भट्टीचा दरवाजा नवीन बसवा. तपासणीवाल्यानंबी तेच लिहून दिलंय. अर्धी आच त्या फटीतून बाहेर जाऊन राह्यली."

"दरवाजासाठी मिल बंद ठेवावी लागते."

"मंग ठेवा."

"मिल तू चालवतेस का मी?"

"मिल तुमची. सही माझी."

जिनेंद्र हसले. मला म्हणाले, "भाभी, तुमची भाडेकरू लई कडक आहे. पापडासारखी."

"तरी दुसरा घेऊन राह्यलात," ती म्हणाली. मग आम्ही सगळेच हसलो. जाताना ते म्हणाले, "बरं, तुझे आकडे दे, जसे आहेत तसे पाठवू." तिनं खरे आकडे दिले. मिलचं ऑफिस हे, म्हणजे माझे यजमान, बघतात. अहवाल कंपनीच्या खात्यावरून ह्यांनीच ऑनलाइन पाठवला. शिवकन्येनं विचारलं तेव्हा म्हणाले, "गेला, बेटा." तिचा ह्यांच्यावर माझ्याइतकाच विश्वास. आमच्या जैन स्थानकात रोज सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसणारा, पाणी गाळून पिणारा, सूर्य मावळल्यावर दाणा तोंडात न घालणारा माणूस.

पुढे पर्युषण, आमचे उपवासाचे आठ दिवस, आलं. संवत्सरी, म्हणजे त्यातला शेवटचा दिवस, झाली की आमच्यात खमतखामणा असतो. लहान-मोठं न बघता, ज्यांच्याशी वर्षभर संबंध आला त्या प्रत्येकासमोर हात जोडून माफी मागायची. जिनेंद्र घरी आले. आम्हा सगळ्यांची माफी मागून झाली आणि मग ते शिवकन्येसमोर उभे राहिले.

"वर्षभरात मनानं, वचनानं, कायेनं, जाणता-अजाणता तुझं मन दुखावलं असेल, तर माफ कर."

शिवकन्या बावरली. तिच्या घरात मोठ्यांच्या पाया पडतात, मोठे लहानांसमोर हात जोडत नाहीत. "शेठ, असं काय करून राह्यलात?" म्हणत ती मागे सरकली. जिनेंद्र तसेच उभे. मीच तिला कोपरानं ढोसलं, "अगं, माफ केलं म्हण. त्यांचा उपवास आजच सुटलाय, किती वेळ उभं ठेवतेस."

"माफ केलं, शेठ," ती म्हणाली. त्यांच्या मागे हे उभे होते. तिनं ह्यांनाही माफ केलं.

माझा ऊर भरून आला होता. मालकानं नोकरापुढे मान वाकवायची, असा आपला धर्म, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं.

दिवाळी झाली आणि मिलवर सरकारची पडताळणी आली. मीटर बघितले, कोळशाच्या गाड्यांच्या वजनाच्या पावत्या तपासल्या. मिलमधलं आणि अहवालातलं जुळेना. थोड्या दिवसांनी शिवकन्येच्या नावानं नोटीस आली: खोटे आकडे दिल्याबद्दल आपलं प्रमाणपत्र रद्द का करू नये, याचा खुलासा करावा.

नोटीस घेऊन ती खाली आली. "काकू, ह्यातले आकडे माझे न्हाईत. सही माझी आहे, पण ती मागच्या वर्षीची. उचलून चिकटवलीय."

मी जिनेंद्रना बोलावून घेतलं. त्यांनी नोटीस वाचलीसुद्धा नाही. त्यांना माहीत होतं.

"लिहून टाक, नजरचुकीनं झालं," ते म्हणाले. "तुला काय फासावर देतात का? फार तर प्रमाणपत्र जाईल. नोकरी मी देतो ना. दुसऱ्या कामावर घेतो."

"नजरचूक कुणाची, शेठ?"

"शिवकन्या, आता तो विषय नको. मी तुझी माफी मागितली. ह्या घरात, भाभीसमोर. तू दिलीस."

ती म्हणाली, "कशाची मागून राह्यलात ते तवा सांगितलं न्हाई."

"जाणता-अजाणता म्हटलं होतं," जिनेंद्र म्हणाले. अगदी शांतपणे, हिशोब मिटल्यासारखं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी नजर खाली घातली. "अहो, तुम्ही पाठवला होता ना अहवाल?"

"धाकट्यानं आकडे दिले, मी चढवले," हे म्हणाले. "घरचं काम आहे गं. सगळ्यांच्या पोटाचं. आणि माफी तर मीही मागितली."

जूनमध्ये केलं, भादव्यात माफी मागितली, आणि मधले महिने ती पोर आमच्या ताटात पोळ्या वाढत होती. खमतखामण्याची पावती दोघा भावांनी आधीच फाडून घेतली होती, आणि "माफ केलं म्हण" म्हणून तिला पुढे ढकलणारी मी. माझ्या धर्माचा एवढा नीट उपयोग माझ्याच घरात कुणी करेल, असं मला वाटलं नव्हतं. चोरी करून मग रडणारा माणूस मी समजू शकते. ह्या दोघांनी तर रडून घेतलं आणि चोरी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. तिला म्हटलं, "मी लिहून देते. माझ्यासमोर तू नाही म्हणालीस, खरे आकडे दिलेस, पाठवले ह्यांनी. खाली सही करते."

"कागद नको, काकू. कागदावर काय चढवतात ते बघितलं. यायचं असलं तर सोबत या, तोंडानं सांगा."

घरात कळलं तेव्हा जिनेंद्र म्हणाले, "भाभी, घरचं माणूस घराविरुद्ध जातं का?" ह्यांनी तेवढंही म्हटलं नाही. फक्त त्या दिवशी ताटावरून उठून गेले.

सुनावणीला मी तिच्यासोबत संभाजीनगरला गेले. अधिकाऱ्यानं आधी मला बसूच दिलं नाही. "तुमचा काय संबंध, बाई?"

"अहवाल ज्यांनी पाठवला, ते माझे यजमान."

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मी सगळं सांगितलं. पोळ्या लाटतानाचं बोलणंही सांगितलं. शिवकन्येनं मिलला वेळोवेळी पाठवलेले खरे आकडे समोर ठेवले. शेवटी अधिकारी म्हणाले की तिचं प्रमाणपत्र राहील, पुढची नोटीस कंपनीला जाईल.

जालन्याच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. राजीनामा तिनं सकाळीच दिला होता. मिलनं त्याआधीच नागपूरकडच्या कुणाचं तरी प्रमाणपत्र मिळवून सरकारला त्याचं नाव कळवलं होतं. तो माणूस मिलमध्ये कुणी बघितलेला नाही. भट्टीचा दरवाजा तसाच आहे.

मी म्हटलं, "नोकरी सोडलीस ते बरं केलंस. पण खोली नको सोडूस. आता सगळं नीट झालं."

"तुम्ही खरं बोललात, काकू. ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाई." ती थोडी थांबली. "पण खाली आले की काका दिसतील. ते 'ये बेटा' म्हणतील, अन् ते आता काय करून राह्यले असतील, ते मी बघत बसेन. असं एखाद्याच्या घरात ऱ्हाता येतं का, तुम्हीच सांगा."

बदनापूर मागे पडलं. त्याच घरात मला राहायचं होतं.