नाचीदेवीची ओटी

माझ्या आत्येसासूबाईंनी आयुष्यात दिलेला एकही शब्द मोडला नाही, आणि त्याचा त्रास आजवर फक्त इतरांना झाला. हरिश्चंद्राने एकदाच शब्द दिला, तोही स्वप्नात. आत्या जागेपणी देतात आणि दिवसभर देत असतात. सायवनला एका लग्नात जेवता जेवता त्या नवरीला सहज म्हणाल्या, "बारशाला येईन हो." नवरी लाजली, पंगत हसली, विषय संपला. आत्यांचा संपला नव्हता. पुढे कधीतरी त्या घरी मुलगा झाल्याची बातमी कुणाकडून तरी कानावर आली आणि बारशाच्या दिवशी आत्या एसटीच्या टपावर लाकडी पाळणा चढवून सायवनला हजर झाल्या. ही बाई कोण, हे त्या घरात कुणालाच आठवेना. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडची, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडची. शेवटी मांडवातली सर्वांत वयस्कर बाई म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्यांनाच मिळाला. शेजारणीशी एकदा वाजलं तेव्हा त्या "तुझ्या घरचं पाणी पिणार नाही" म्हणून बसल्या. पुढे भांडण मिटलं, पण शब्द उरला. तेव्हापासून आत्या रोज संध्याकाळी पाण्याची बाटली काखेत मारून त्याच शेजारणीच्या ओटीवर गप्पांना जातात. चहा मात्र तिच्याकडचा पितात. चहाबद्दल आपण काही बोललो नव्हतो, असं त्यांचं म्हणणं.

कोसबाडच्या टेकडीखाली त्यांची चिकूची वाडी आहे. यजमान तरुणपणीच गेले. मूलबाळ नाही. माझी बायको ही त्यांच्या भावाची मुलगी, तिला त्यांनीच न्हाऊमाखू घालून वाढवलं. वाडीतल्या मजुरांशी त्या वारली बोलतात, व्यापाऱ्यांशी गुजराती आणि डहाणूच्या कचेरीत मराठी. जगातल्या बाकीच्या सगळ्या भाषा म्हणजे याच तिघींपैकी कुणीतरी तोंडात घास ठेवून बोललेली, असा त्यांचा ठाम समज आहे.

२०१४ सालच्या पावसाळ्यात माझी बायको अडली. मी तलासरीला शाळेत शिकवतो आणि आम्ही तिथेच राहतो. तिथून गुजरातच्या हद्दीतलं मोठं हॉस्पिटल जवळ, म्हणून तिकडे नेलं. आत्याही कोसबाडहून आल्या. डॉक्टर बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "प्रेशर फार वाढलंय. लगेच ऑपरेशन. काही सांगता येत नाही." मी बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर गणपतीची तसबीर होती, पण तिच्यापुढे दुसऱ्या पेशंटांचे नातेवाईक आधीच हात जोडून गर्दीने उभे होते. आत्यांनी एकवार तिकडे पाहिलं आणि "त्याच्यामागे आज कामं फार आहेत" असं म्हणून त्या वळल्या. दुसऱ्या भिंतीवर टीव्ही चालू होता, आवाज बंद करून ठेवलेला. पडद्यावर एक उंचच उंच धबधबा सरळ रेषेत कोसळत होता आणि शेजारी लाल रंगाचं तीन मजली देऊळ होतं. आत्यांनी टीव्हीपुढे पदर पसरला. "बाई, तू कोण मला माहीत नाही. पण या दोघींना सुखरूप सोडव. पोर पायाने चालायला लागली की तिला घेऊन येईन आणि माझ्या हाताने तुझी ओटी भरीन."

मुलगीच होणार, हे तेव्हा फक्त त्यांनीच गृहीत धरलं होतं. तासाभरात तेही खरं ठरलं. आम्ही तिचं नाव जुई ठेवलं. मायलेकी सुखरूप घरी आल्या. पेढे वाटून झाले आणि आत्या मला म्हणाल्या, "जावईबापू, आता तो धबधबा कुठला ते शोधून काढा."

इथून माझे रविवार संपले. मी नुकतीच जुनी व्हॅन घेतली होती. दर रविवारी सकाळी मी तलासरीहून कोसबाडला जायचो. आत्या साडी नेसून, चपला घालून, ओटीचं सामान पिशवीत घेऊन दारात तयार असायच्या, आणि आम्ही एकेक धबधबा तपासायला निघायचो. जव्हारकडचे पाहिले, धरमपूरच्या डोंगरातले पाहिले. कुठे पोचलो की आत्या कमरेवर हात ठेवून धबधब्याकडे खालपासून वरपर्यंत बघायच्या, वधूपरीक्षेला आल्यासारख्या. "ही नव्हे. ही थोडी वाकडी पडते." दोन बोटं हळदकुंकू त्या प्रत्येकीला वाहायच्या, उगाच अपमान नको म्हणून, पण पिशवीतली ओटी काही बाहेर निघायची नाही. एका ठिकाणी भिजत भजी खाणारी कॉलेजची मुलं होती. त्यांना आत्यांनी विचारलं, "इथे तीन मजली लाल देऊळ होतं ते कुणी पाडलं?" त्यातला एक बिचारा घाबरून म्हणाला, "आम्ही आत्ताच आलो, आजी."

उलगडा झाला तो पाचव्या वर्षी, डहाणूच्या बाजारात, मोबाइलच्या दुकानात. आत्यांच्या फोनचं बटण अडकलं होतं. दुकानदार ते सोडवत होता तोवर आत्यांची नजर काउंटरवरच्या एका नव्या फोनवर गेली आणि त्या ओरडल्या, "हीच ती!" फोनच्या पडद्यावर तोच धबधबा, तेच लाल देऊळ. दुकानदार म्हणाला, "आत्या, हा तर कंपनीने टाकलेला फोटो आहे." "कंपनीची ही कुलदेवता का?" आत्यांनी विचारलं. मी तिथेच उभ्या उभ्या इंटरनेटवर शोधलं आणि जे सापडलं ते सांगावं की नाही या विचारात पडलो. धबधबा जपानात होता. तिथल्या एका जुन्या यात्रेच्या वाटेवरचं ते मोठं ठाणं, आणि गावाचं नाव नाची.

"नाची," आत्या समाधानाने म्हणाल्या. "म्हणजे आपल्याकडचीच कुणीतरी तिकडे दिलेली दिसते."

घरच्यांनी त्यांना परोपरीने समजावलं. शेवटी गुरुजींना बोलावलं. गुरुजी म्हणाले, शास्त्रात सोय आहे. महालक्ष्मीच्या देवळात जाऊन त्या देवीचा संकल्प सोडावा आणि भाचीच्या हातून ओटी भरावी, नवस पोचतो. आत्या म्हणाल्या, "भाचीच्या हातून कशाला? शब्द मी दिलाय." गुरुजी घसा खाकरून पंचांग चाळू लागले. आमच्याकडे विधवेने ओटी भरायची नसते. लग्नाकार्यात ओट्या भरायची वेळ आली की आत्या आपणहून उठून आचाऱ्याकडे मिठाचा अंदाज बघायला जातात, हे मी लग्न झाल्यापासून पाहत होतो. त्या फार सुगरण आहेत म्हणून जातात असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

"नाचीला जायचं," आत्या म्हणाल्या, आणि विषय संपला. आमच्या तिकिटांचे पैसेही त्यांनी देऊ दिले नाहीत. वाडीने दिले, असं त्या सांगतात.

२०१९च्या दिवाळीच्या सुट्टीत आत्या, मी, बायको आणि पाच वर्षांची जुई असे चौघं जपानात उतरलो, आणि पहिल्याच तासात नवस धोक्यात आला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने आत्यांची पिशवी उघडून नारळ बाहेर काढला, मग तांदूळ, मग चिकू. बाहेरचं धान्य आणि फळं नेता येत नाहीत, असं तो अतिशय अदबीने, वाकून वाकून सांगत होता. आत्या त्याच्याशी गुजरातीत बोलल्या, कारण परक्या माणसाशी गुजराती बोलायची त्यांना सवय. तो प्रत्येक वाक्याला "हाय, हाय" म्हणत होता. जपानीत त्याचा अर्थ 'होय' असा, हे मी सांगेपर्यंत आत्यांचा राग वितळला होता. "जाऊ द्या, जावईबापू. घरी काहीतरी दुःख झालंय बिचाऱ्याच्या." ओटीच्या सामानातला खण, हिरव्या बांगड्या, हळकुंड आणि कुंकवाची डबी तेवढी वाचली.

यात्रेची वाट म्हणजे डोंगरातून चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना आभाळाला टेकलेली झाडं आणि मधूनमधून लहान लहान देवळं. आत्यांनी एकही सोडलं नाही. देवळाच्या दारात दगडी कुंड असतं, त्यातलं पाणी लाकडी पळीने घेऊन हातावर घालायचं आणि तोंड खळबळायचं अशी रीत. आत्यांनी हात धुतले, चूळ भरली आणि साडी वर धरून पायही धुतले, कारण पाय न धुता देवळात जायला त्या काही पर्यटक नव्हत्या. मागे दोन गोरे प्रवासी उभे होते. हीच खरी रीत असणार असं समजून त्यांनी बूट काढले आणि आपले पाय धुतले. देवापुढे दोनदा टाळी वाजवायची पद्धत आत्यांना पसंत पडली. "टाळ्या आपल्याही असतात. यांची आरती फार लवकर संपते, एवढंच."

एका देवळावर तीन पायांच्या कावळ्याचं चित्र होतं. हा कावळा इथल्या देवाचा दूत आहे आणि तो यात्रेकरूंना वाट दाखवतो, असं मी सांगितलं. आत्या त्याच्याकडे रोखून पाहत राहिल्या. यजमानांच्या दहाव्याला दुपार टळली तरी कावळा पिंडाला शिवत नव्हता, ही त्यांची जुनी सल. "दोन पायांचे येत नव्हते, तेव्हा तू होतास कुठे?" असं त्यांनी त्याला खणखणीत मराठीत विचारलं आणि मग दोन टाळ्याही वाजवल्या.

प्रश्न उरला होता तांदळाचा आणि नारळाचा. तांदळासाठी मी दुकानात गेलो तर सुटे तांदूळ नव्हते, समुद्राच्या शेवाळात गुंडाळलेला भाताचा तिकोनी मुटका मिळाला. आत्यांनी त्यातला एक फोडून पाहिला. आत लोणचं निघालं. "भात तर आहे. लोणच्याचं देवी बघून घेईल." नारळाऐवजी फळ चालेल असं त्यांनीच ठरवलं. पायऱ्यांच्या पायथ्याशी एक म्हातारी टोपलीत संत्री घेऊन बसली होती. आत्या तिच्यापुढे उकिडव्या बसल्या, एक संत्रं उचललं, देठापाशी दाबलं, हुंगलं. म्हातारी जरा घुटमळून म्हणाली, "आनो..." जपानी माणूस बोलायच्या आधी असं घुटमळतो. आत्या म्हणाल्या, "आण, आण." म्हातारीने त्यांच्या हातातलं संत्रं काढून घेतलं आणि मागच्या टोपलीतून त्याहून चांगलं आणून दिलं. आत्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. भाषेचा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला.

आणि मग झाडी संपली आणि समोर धबधबा आला. टीव्हीवर दिसला होता तसाच, सरळ, पांढरा, वाकडेपणाचं नाव नाही. जुई चालत आली होती, सगळा चढ, स्वतःच्या पायाने. आत्यांनी तिला पुढे उभं केलं आणि इकडेतिकडे बघायला लागल्या. "मूर्ती कुठाय?"

मी म्हटलं, "आत्या, मूर्ती नाही. इथे धबधबाच देव मानतात."

"मग ओटी भरायची कुणाची? हिला पदर कुठाय?"

एवढ्या दूर येऊन हा प्रश्न पडेल असं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आत्या हातात खण घेऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच काय करावं ते न सुचलेलं पाहत होतो. बाजूला ताईत आणि अंगारे ठेवावेत तसा एक काउंटर होता. त्यामागे देवळाची सेविका उभी होती, वीसेक वर्षांची पोर, अंगात पांढरं, खाली लालभडक घेरदार. आत्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि चेहरा उजळला. "अगं बाई, कुमारिका बसवलीय की!"

मी अडवायच्या आत त्या तिच्यापुढे पोचल्या होत्या. पोर गोंधळली. तिने आतून एका वयस्कर पुजाऱ्याला बोलावलं. मी मोबाइलवरच्या भाषांतराच्या आधाराने सांगायचा प्रयत्न केला की या बाईंनी मुलीसाठी नवस केला होता, ही ती मुलगी, आणि हे सामान देवीचं. त्या यंत्राने नेमकं काय सांगितलं देव जाणे. पुजाऱ्याने जुईकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं, धबधब्याकडे पाहिलं आणि त्या पोरीला काहीतरी सांगितलं. ती आतून एक कोरं लाकडी तबक घेऊन बाहेर आली, आत्यांसमोर उभी राहिली आणि कमरेतून खाली वाकली.

कुणी कपाळ पुढे केल्यावर आत्या थांबतात थोड्याच! त्यांनी हळदकुंकू लावलं. मग तबकात खण ठेवला, त्यावर हिरव्या बांगड्या, हळकुंड, भाताचा मुटका आणि संत्रं. मुटका एकदा कलंडला तो त्यांनी पुन्हा नीट बसवला. ती पोर तबक तसंच दोन्ही हातांनी धरून हलली नाही. भोवतालची माणसं फोटो काढायची थांबली होती.

आत्यांनी वळून माझ्या बायकोला हळूच विचारलं, "बरोबर भरली ना गं बाय? मला सवय नाही."

बायकोने मान हलवली. कपाळावर ठसठशीत कुंकू घेऊन ती पोर तबकासकट आत गेली आणि थोड्या वेळाने तशीच काउंटरवर येऊन पुढच्या गिऱ्हाइकाला ताईत देऊ लागली.

परत आल्यावर आत्यांनी त्याच म्हातारीकडून घेऊन वाटेत खाल्लेल्या संत्र्यांच्या साली गावभर प्रसाद म्हणून वाटल्या. गुरुजींनीही एक घेतली. पुढच्या लग्नात ओट्या भरायची वेळ आली तेव्हा त्या उठून आचाऱ्याकडे गेल्याच, पण या वेळी मीठ न चाखता नुसत्या उभ्या होत्या, असं आचारी मला म्हणाला.

मला रविवार मोकळे मिळाले होते. पहिले दोनतीन मी झोपून काढले. डिसेंबरात एका रविवारी काही कारण नसताना सकाळी व्हॅन काढली आणि कोसबाडला गेलो. आत्या दारात बसल्या होत्या. साडी नेसलेली, पायांत चपला, मांडीवर पिशवी.

"कुठे निघालात, आत्या?"

"कुठे नाही," त्या म्हणाल्या. "रविवार आहे ना."

त्या उठून व्हॅनमध्ये बसल्या. मी गाडी वळवली. फाट्यावर पोचेपर्यंत कुठे जायचं हे त्यांनी विचारलं नाही, आणि मलाही ते माहीत नव्हतं.