न लुकलुकणारा उजेड

इक्बाल अन्सारी पाच आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता, नाशिकच्या एका रुग्णालयात वारले. वय एकोणसाठ. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्यांच्या पत्नी शमीमभाभींचा फोन मला सात वाजून दहा मिनिटांनी आला. त्या म्हणाल्या, "भाईजान, ते गेले... काल संध्याकाळी विचारत होते, छापून आलं का म्हणून." छापून आलेले नव्हते.

इक्बालभाई नेमबाजीच्या एअर रायफली दुरुस्त करत. मूळचे मालेगावचे. पंधराव्या वर्षी पॉवरलूमवर लागले, पुढे तिथेच फिटर झाले, आणि वीस वर्षांपूर्वी नाशिकला येऊन एका नेमबाजी हॉलला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत बसू लागले. मी तेव्हा क्रीडा पानाचे काम पाहत असे, त्यातून ओळख झाली. मी साधा उपसंपादक, पण ते मला कायम 'संपादकसाब' म्हणत आणि म्हणून झाल्यावर हसत. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापासून नव्हती. पहिल्याच भेटीत त्यांनी कारण सांगितले. लूमच्या कारखान्यात नव्या ट्यूबलाइट लागल्या होत्या. त्या उजेडात फिरते चाक थांबल्यासारखे दिसले आणि त्यांनी हात घातला. "ट्यूब सलग पेटल्यासारखी दिसते ना साब, पण ती लुकलुकत असते. सेकंदाला शंभर वेळा. डोळ्याला नाही कळत. बोटाला कळलं." त्यानंतर त्या कारखान्यात प्रत्येक चाकाजवळ एकेक पिवळा बल्ब टांगला गेला. हे मी इथे नोंदवतो, कारण पुढचे सगळे यावर आहे.

रायफलीतून सुटलेल्या छऱ्याचा वेग मोजायला क्रोनोग्राफ नावाचे यंत्र असते. विटेएवढी, सेलवर चालणारी पेटी, तिच्या वरच्या बाजूला वीतभर अंतराने दोन डोळे. छरा वरून गेला की त्याची सावली आधी पहिल्या डोळ्यावर पडते, मग दुसऱ्यावर. मधल्या वेळेवरून यंत्र वेग सांगते. रायफल ठीक असेल तर प्रत्येक छऱ्याचा वेग जवळपास सारखा येतो. इक्बालभाई हे काम हॉलच्या पूर्वेकडच्या खिडकीशी, दिवसाच्या उजेडात करत. एखादा नेमबाज निकालावर कुरकुरला की म्हणत, "मशीन झूठ नाही बोलत बेटा, तू बोलतोस."

प्राजक्ता त्या हॉलमधली सर्वांत चांगली मुलगी. वडील एसटीत वाहक. ज्युनिअर गटातले तिचे हे शेवटचे वर्ष होते आणि राज्य संघाची निवड चाचणी पुण्यात होती. चाचणीच्या दहा दिवस आधी तिने रायफल तपासायला दिली. त्याच आठवड्यात हॉलचे नूतनीकरण झाले होते, खिडक्यांवर प्लायवूड बसले होते आणि छताला चोवीस नव्या ट्यूब लागल्या होत्या. इक्बालभाईंनी क्रोनोग्राफ नेहमीच्या जागी ठेवला. सेकंदाला मीटर या हिशोबात आकडे आले ते असे : १७२, १९८, १६१, २१४. दर छऱ्यामागे सारखी हवा सोडणारा पितळी भाग बिघडला, असे त्यांनी ठरवले. रायफल तीनदा उघडली, तीनदा आतले रबरी सील बदलले. आकडे तसेच राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी तिला सांगितले, "बेटा, ही रायफल घेऊन जाऊ नकोस." ती हॉलची रायफल घेऊन पुण्याला गेली. दीड गुणाने निवड हुकली. मी चार ओळींची बातमी केली. मथळा होता 'रायफलमधील बिघाडाने संधी हुकली'. माहिती इक्बालभाईंची होती. ती मी दुसऱ्या कोणाकडून पडताळली नाही.

दीड महिन्यानंतर एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले होते, तरी प्राजक्ताची रायफल त्यांनी पुन्हा काढली होती. वीज गेली. हॉल अंधारला तसे त्यांनी मागचे लोखंडी दार उघडले, ऊन यंत्रावर आले, आणि थांबायचे कशाला म्हणून त्यांनी छरे मारणे चालू ठेवले. १७२. १७२. १७१. १७२. चौथ्या छऱ्यानंतर वीज आली आणि मी दार लोटले. पुढचा आकडा २०६ आला. इक्बालभाईंनी मान वर करून ट्यूबकडे पाहिले, मग हातातल्या रायफलीकडे, आणि खाली फरशीवर बसले. मग तर्जनी नसलेला हात माझ्यापुढे धरला. "ह्याच धड्यासाठी बोट दिलं होतं साब... तरी विसरलो."

रायफल पहिल्या दिवसापासून चांगली होती. छऱ्याच्या सावलीऐवजी यंत्र ट्यूबचे लुकलुकणे मोजत होते. त्यांनी प्राजक्ताला फोन केला. तिने उचलला नाही. तिने हॉलला येणे बंद केले होते आणि वडील रायफल विकायच्या विचारात होते. इक्बालभाई माझ्यामागे लागले, "बातमीची दुरुस्ती छापा, चूक माझी होती असं माझ्या नावानिशी लिहा." दीड महिन्यापूर्वीच्या चार ओळींची दुरुस्ती कोणी छापत नाही, हे मला माहीत होते. मी म्हटले, पुरावा लागेल. त्याच हॉलमध्ये, त्याच यंत्रावर, ट्यूब चालू असताना सलग दहा छरे सारखे आले पाहिजेत, साक्षीदारांसमोर. ही अट मी त्यांना टाळण्यासाठी घातली होती. त्यांनी ती वहीत लिहून घेतली.

पुढचे सात आठवडे ते उजेड तयार करत होते. डायलिसिसच्या दिवशी अंगात काही उरत नसे, म्हणून मधले दिवस कामाचे. वरच्या ट्यूबचा उजेड अडवायला त्यांनी द्राक्षांची पुठ्ठ्याची पेटी घेतली, तिला दोन बाजूंना भोके पाडली, आतून चुना लावला आणि ती यंत्रावर पालथी घातली. आत दोन पिवळे बल्ब लावले. दहातले आठ आकडे नीट आले, दोन वेडेवाकडे, आणि उष्णतेने पेटी करपली. दुसऱ्या पेटीत एलईडीची पट्टी लावली. ती बंद पडलेल्या एका मोबाइल दुकानाच्या पाटीतून, भद्रकालीतल्या भंगारवाल्याकडून आणली होती. पाटीचाच जुना अडॅप्टर वापरला. तोही लुकलुकत होता. हॉलचे प्रशिक्षक येता-जाता म्हणत, "इक्बालभाई, दिवाळीला अवकाश आहे अजून." इक्बालभाई म्हणत, "माझ्याकडे नाही ना अवकाश."

विजेच्या तारेतून आलेला उजेड नको, बॅटरीचा हवा, हे शेवटी त्यांनी ठरवले. आमच्या कार्यालयातल्या भंगारात काढलेल्या यूपीएसमधून मी त्यांना बॅटरी आणून दिली. एवढे एकच काम मी आपणहून केले. दोन्ही कामे आता त्यांना एकट्याला जमत नसत. ते कथलाचा डाग द्यायचे, मी तार धरायचो. एकदा तापलेले कथील माझ्या अंगठ्यावर पडले. "धरून ठेवा संपादकसाब, तार सोडू नका," ते म्हणाले, "अंगठा गेला तरी नऊ राहतात." उजेड दोन्ही डोळ्यांवर सारखा पडावा म्हणून पट्टीचे दोन समान तुकडे केले आणि खाली आइस्क्रीमच्या डब्याची दुधी झाकणे चिकटवली.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला चाचणी झाली. प्रशिक्षक, मी आणि प्राजक्ताचे वडील हजर होतो. चोवीस ट्यूब चालू होत्या. रायफल शिकंज्यात आवळली होती आणि इक्बालभाईंनी मधल्या बोटाने चाप ओढला. दहा छरे. सर्वांत कमी १७१.६, सर्वांत जास्त १७२.४. प्रशिक्षकांनी आणि मी वहीत सह्या केल्या. वडील सही करताना थांबले. "रायफल चांगली होती असं छापलं की लोक काय म्हणतील? पोरगीच कमी पडली. आधीच भावकीत बोलतात, नाचता येईना म्हणून रायफलचं नाव सांगते." इक्बालभाई म्हणाले, "म्हणून तर माझं नाव टाका म्हणतो." वडील म्हणाले, "ते तिला तुम्ही सांगा." इक्बालभाई म्हणाले, "अकरा वेळा फोन केला, दादा... उचलत नाही. घरी यायला जिना चढवत नाही आता." वडिलांनी सही केली आणि ते गेले. त्यांनी घरी काय सांगितले, मला माहीत नाही.

त्याच संध्याकाळी मी दुरुस्ती लिहून पानावर दिली. शनिवारी जाहिरात आल्याने ती निघाली. रविवारी क्रीडा पान अर्धे होते. रविवारी दुपारी इक्बालभाईंना रुग्णालयात दाखल केले. सोमवारी मी त्यांना भेटायला गेलो नाही. मंगळवारी ते गेले. दुरुस्ती बुधवारच्या अंकात, आतल्या पानावर तळाला आली. शेवटचे वाक्य होते : 'तपासणी चुकीच्या उजेडात झाली आणि ही चूक आपली असल्याचे तंत्रज्ञ इक्बाल अन्सारी यांनी कळवले आहे.' ते आता हयात नसल्याने त्यात बदल करावा, असे कोणी सुचवले नाही. मीही केला नाही.

खोलीची किल्ली शमीमभाभींनी माझ्याकडे दिली आहे. द्राक्षांची पेटी अजून यंत्रावर आहे, वही शेजारी, सोल्डरिंगची सळई खिळ्याला. गेल्या शनिवारी प्राजक्ता आली. दुरुस्तीचे कात्रण तिच्याकडे होते. मी खोली उघडून दिली. सामान उचलून तिने हॉलमध्ये नेहमीच्या जागी मांडले, पेटीचा दिवा लावला, कपाटातून आपली रायफल काढली आणि एकच छरा मारला. आकडा १७२.० आला. इक्बालभाईंच्या दहा आकड्यांखाली तिने तो अकरावा लिहिला आणि पुढे वेळ टाकली, चार वाजून वीस मिनिटे. मग दिवा बंद केला, रायफल कपाटात ठेवली आणि ती गेली. रायफल तिने विकायला नेलेली नाही.