डाव्या कोपऱ्यातलं बटण

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या शिपाईमामांनी मला कॉम्प्युटर शिकवला. आमच्या घरात याआधी कुणी माउस हातात धरला नव्हता. मी घाबरत बसलो की मामा खांद्यावर पिवळं फडकं टाकून मागं उभे राहत. "पावणं, म्हैस न्हाय ती, मारत न्हाय. डाव्या कोपऱ्यात खाली दाबा. तितनंच सगळं उघडतंय." फोल्डर करणं, फाइल ठेवणं, मशीन नीट बंद करणं, सगळं त्यांनीच दाखवलं. सर नंतर यायचे.

त्या सोमवारी मी लवकर गेलो. सुट्टीत सगळ्या मशीनवर नवी सिस्टीम घातली होती. मामा पडद्यासमोर बसले होते. डावा कोपरा रिकामा होता; बटण मधे सरकलं होतं. बाहेर पहिल्या वर्षाची मुलं जमत होती. मामांनी उठून दार लावलं.

"जरा वाच की, काय काय लिवलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "मला इंग्रजीतलं एक अक्षर येत न्हाय रं."

मी हबकलोच. इतके दिवस ते फक्त जागा आणि चित्रं ध्यानात ठेवून मला शिकवत होते. मी माउस हातात घेतला आणि एकेक नाव वाचत गेलो. प्रत्येक चित्रावर बोट ठेवून ते नाव त्यांनी दोनदा म्हटलं.

मग त्यांनी दार उघडलं. मुलं आत आली. माउस अजून माझ्याच हातात होता.

"पावणं, मधी दाबा, मधी! किती येळा सांगायचं?" मामा माझ्यावर ओरडले. मुलं हसली.

"चुकलं, मामा," मी म्हणालो.